सॅमनची नदी सावरताना : कामाचा क्रम

नदीतला सॅमन कमी झाला, की काठावरच्या लोकांच्या मनात पहिला विचार येतो तो मासे वाढवून नदीत सोडण्याचा. विचार चांगला असला, तरी कामाच्या क्रमात त्याची जागा अगदी शेवटी आहे, हे या मार्गदर्शिकेचे मुख्य सांगणे आहे. उत्तर कॅलिफोर्नियातील मॅटोल नदीच्या खोऱ्यातले रहिवासी १९८० मध्ये एकत्र आले, तेव्हा त्यांनीही माशापासूनच सुरुवात केली होती. फ्रीमन हाउस आणि डेव्हिड सिम्पसन यांच्यासारख्या तिथल्याच माणसांनी पुढाकार घेतला आणि पुढे ‘मॅटोल सॅमन ग्रुप’ या नावाने ओळखला जाणारा गट उभा राहिला. अंडी जगवता जगवता त्यांच्या ध्यानात आले, की ज्या पाण्यात पिल्ले सोडायची ते पाणीच त्यांना जगू देण्याच्या स्थितीत नाही, आणि त्या पाण्याच्या बिघाडाचे मूळ वर डोंगरात आहे. १९८३ मध्ये ‘मॅटोल रिस्टोरेशन कौन्सिल’ स्थापन झाली ती सगळ्या पाणलोट क्षेत्राचा विचार करण्यासाठीच. आपल्याकडे पाणलोटाचे काम करणारे लोक ज्याला ‘माथा ते पायथा’ म्हणतात, तोच हा क्रम आहे. फक्त इथे पायथ्याशी विहिरीऐवजी मासा आहे.

मराठी वाचकांसाठी एक खुलासा आधीच केलेला बरा. आपल्या बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकला जाणारा रावस आणि हा सॅमन यांचा काही संबंध नाही. रावस हा किनाऱ्याजवळच्या समुद्रात आणि खाड्यांत राहणारा, वेगळ्याच कुळातला मासा आहे. सॅमन गोड्या पाण्याच्या ओढ्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालण्यासाठी बहुतेक वेळा जन्मलेल्या ओढ्यातच परत येतो. भारतात त्याच्या या येरझारीशी साम्य शोधायचे, तर ते हिलशात सापडेल. १९७५ मध्ये फरक्का बंधारा सुरू झाल्यावर गंगेत दूरवर चढून जाणाऱ्या हिलशाची वाट अडली. वाट अडणे हे सॅमनच्याही अनेक दुखण्यांपैकी एक आहे, पण एकमेव नाही.

दुखणे ओळखणे

मॅटोल ही सुमारे १०० किलोमीटर लांबीची आणि सुमारे ७९० चौरस किलोमीटर पाणलोटाची नदी आहे. व्हाइटथॉर्न गावाच्या परिसरातील डोंगरात उगम पावून ती हनीड्यूवरून जाते आणि पेट्रोलियाजवळ पॅसिफिक महासागराला मिळते. मुळात ही मॅटोल आणि सिंकिओन या आदिवासी समाजांची भूमी. खोऱ्याच्या काही भागांत वर्षाला १०० इंचांहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे जवळपास कोकणाइतका. मात्र तो हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. डोंगर उभे आणि त्यांचा खडक भुसभुशीत. दुसऱ्या महायुद्धानंतर या डोंगरांवर बुलडोझर आले, डग्लस फरची जुनी जंगले झपाट्याने तोडली गेली आणि ओंडके ओढून नेण्यासाठी उतारांवर कच्च्या रस्त्यांचे जाळे कोरले गेले. त्यानंतर १९५५ आणि १९६४ चे महापूर आले आणि त्यांनी मोकळी झालेली माती नदीत आणून टाकली. खोल डोह भरून गेले, पात्र रुंद आणि उथळ झाले, काठची झाडे वाहून गेल्यामुळे सावली नाहीशी झाली आणि उन्हाळ्यात पाणी तापू लागले.

यातली प्रत्येक गोष्ट माशाच्या आयुष्यातल्या कोणत्या टप्प्यावर घाव घालते, हे गटातल्या प्रत्येकाला सांगता आले पाहिजे. नाहीतर कामाची निवड केवळ उत्साहावर होते. मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनी गोटे उडवून तळाशी खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरच्या अंगाचे गोटे सैल करून ती झाकते. या घरट्याला तिकडे ‘रेड’ म्हणतात. अंडी पुढचे कित्येक आठवडे त्या गोट्यांखाली असतात आणि तेवढा काळ गोट्यांमधल्या फटींतून थंड, प्राणवायूने भरलेले पाणी वाहत राहावे लागते. बारीक गाळाने फटी बुजल्या, तर अंडी गुदमरतात, आणि जी उबतात त्यांतल्या पिल्लांना वर येण्याची वाट राहत नाही. पुढचा टप्पा जातीनुसार वेगळा आहे. मॅटोलमध्ये तीन मासे आहेत: चिनूक आणि कोहो या सॅमनच्या जाती, आणि त्यांचा जवळचा नातलग स्टीलहेड. चिनूकची पिल्ले काही महिन्यांतच समुद्राकडे निघतात. कोहोची पिल्ले सुमारे वर्षभर ओढ्यात राहतात. स्टीलहेडची त्याहूनही अधिक काळ राहू शकतात. म्हणजे कोहो आणि स्टीलहेड यांना ओढ्यातला एक पूर्ण उन्हाळा काढावाच लागतो. चिनूकची गत निराळी: उन्हाळ्यात मॅटोलच्या मुखाशी वाळूचा दांडा साचतो, नदी समुद्रापासून तुटते आणि उशिरा निघालेली पिल्ले मागे तयार झालेल्या उथळ, तापलेल्या सरोवरात अडकतात. हे तिन्ही मासे आता अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार धोक्यात आलेल्या यादीत आहेत. कोहोचा गट १९९७ मध्ये, चिनूकचा १९९९ मध्ये आणि स्टीलहेडचा २००० मध्ये या यादीत गेला.

निदानासाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे जुनी छायाचित्रे आणि जुनी माणसे. हवाई छायाचित्रांचे वेगवेगळ्या दशकांतले संच मिळवून एकाच वळणाची चित्रे शेजारी शेजारी ठेवावीत. पात्र किती रुंदावले ते डोळ्यांना दिसते. वृद्ध रहिवाशांना ‘पूर्वी मासे किती होते’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘पुष्कळ’ असेच येते. त्यांना कोणत्या डोहात पोहत होता, तो किती खोल होता, पुलाखाली घोडा कुठून पार होत असे, असे विचारावे. मॅटोलच्या मंडळींनी १९८८ मध्ये एक नकाशा तयार केला, ज्यात १९४७ साली असलेले जुने जंगल आणि १९८८ साली उरलेले जुने जंगल शेजारी शेजारी दाखवले होते. उरलेले दहा टक्क्यांहून कमी होते. अशा नकाशाचा उपयोग मी हजार भाषणांहून मोठा मानतो, कारण त्यात कोणावर आरोप नसतो आणि प्रत्येकजण प्रथम स्वतःची जमीन शोधतो.

जमीनमालक आणि परवानग्या

खोऱ्यात गुरे पाळणारे असतात, लाकूडतोडीवर पोट भरणारे असतात, शहर सोडून आलेले असतात, आणि या सगळ्यांना एकमेकांचा संशय असतो. खासगी जमिनीवरच्या ओढ्यात मालकाच्या लेखी संमतीशिवाय पाऊलही टाकू नये. एकाच्या कुंपणातून न विचारता गेल्याची वार्ता संध्याकाळपर्यंत सगळ्या खोऱ्यात पोहोचते आणि पुढची दहा दारे बंद होतात. पहिल्या भेटीत करारपत्र नेऊ नये. मालकाला त्याच्या जमिनीवरून किती माती जाते, कोणता रस्ता दर पावसाळ्यात खचतो, हे विचारावे. रस्ता वाचवणे हा त्याचा स्वार्थ आहे आणि नदीचाही, त्यामुळे बोलणे तिथून सुरू होते. त्या भूमीच्या आदिवासी समाजाशी संपर्क सुरुवातीलाच साधावा. ती औपचारिकता समजू नये. सॅमनच्या संदर्भात त्यांचे हक्क अनेक ठिकाणी करारांनी बांधलेले आहेत आणि त्यांचे मत्स्यतज्ज्ञ बहुधा सरकारी खात्याइतकेच जाणकार असतात.

मासा संरक्षित असल्यामुळे त्याला हात लावणे, पिंजरा लावणे, इतकेच नव्हे तर त्याच्या अधिवासात यंत्र उतरवणे यासाठी परवाना लागतो. कॅलिफोर्नियात ओढ्याच्या पात्रात कोणताही फेरबदल करण्याआधी राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याशी करार करावा लागतो, आणि पात्रातील यंत्रकाम साधारणपणे १५ जून ते ३१ ऑक्टोबर या कोरड्या काळातच करू दिले जाते. म्हणून उन्हाळ्यात काम हवे असेल, तर कागदपत्रे आदल्या शरद ऋतूतच सुरू करावीत.

पहिले वर्ष केवळ मोजणीचे

एक वर्ष काहीही न बांधता फक्त मोजावे, हा सल्ला स्वयंसेवकांना आवडत नाही. तरीही तो पाळावा, कारण आधीची नोंद नसेल तर दहा वर्षांनी नदी सुधारली की नाही, याचे उत्तर कोणालाच देता येत नाही. मोजायच्या गोष्टी चार आहेत: तापमान, तळाचे खडे, मासे आणि उन्हाळ्याचा प्रवाह.

तापमानासाठी अंगठ्याएवढे नोंदयंत्र मिळते, ते दर तासाला किंवा त्याहून लवकर नोंद घेते. पाण्यात सोडण्याआधी आणि काढल्यानंतर ते बर्फाच्या चुऱ्यात कालवलेल्या पाण्यात ठेवून शून्य दाखवते का ते तपासावे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते वाहत्या, नीट मिसळलेल्या पाण्यात आणि सावलीत ठेवावे. उन्हात ठेवल्यास यंत्र स्वतः तापते आणि आपण ओढ्याचे नव्हे, यंत्राचे तापमान मोजत बसतो. मॅटोलच्या ओढ्यांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्या ओढ्यांत कोहोची पिल्ले सापडली, त्या सर्वांत सर्वाधिक उष्ण आठवड्याचे सरासरी तापमान १६.७ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी होते. हा एक आकडा लक्षात ठेवला, तर कोणत्या ओढ्यावर आधी सावली आणायची, हे ठरवणे पुष्कळ सोपे होते. १७ अंशांचा ओढा वाचवणे २२ अंशांच्या ओढ्यापेक्षा शक्य कोटीतले असते, आणि गट लहान असेल तर शक्य तेच आधी हाती घ्यावे.

तळाच्या खड्यांची मोजणी गॉर्डन वोलमन यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या साध्या पद्धतीने होते. उथळ खळाळाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे चालायचे. प्रत्येक पावलाला नजर दुसरीकडे ठेवून तर्जनी बुटाच्या टोकाशी खाली न्यायची आणि बोटाला जो पहिला खडा लागेल तो उचलायचा. नजर खाली गेली, की हात आपोआप मोठ्या, गोमट्या गोट्याकडे वळतो आणि नदी आहे त्यापेक्षा बरी दिसू लागते, म्हणून हे पथ्य. खड्याला लांबी, रुंदी आणि जाडी अशी तीन मापे असतात. त्यांतले मधले माप मिलिमीटरमध्ये सांगायचे आणि काठावर बसलेल्याने ते लिहायचे. असे १०० खडे झाले, की एका खळाळाची नोंद पूर्ण होते. पाणी गोठवणारे असेल, तर पन्नासाव्या खड्यानंतर बोटांना वाळू आणि दगड यांतला फरक कळेनासा होतो, त्यामुळे दोघांनी आलटून पालटून उतरावे. घरट्यांच्या जागी तळातला गाळ चाळून पाहण्याचीही पद्धत आहे, ०.८५ मिलिमीटरहून बारीक कणांचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांच्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर सर्रास वापरले जाते.

माशांची गणना हिवाळ्यात होते. पूर ओसरून पाणी निवळले, की दोघांच्या जोडीने, पाण्यावरची चकाकी कापणारे पोलराइज्ड चष्मे घालून, ठरलेल्या टप्प्यातून चालायचे. नवख्याला घरटे दिसत नाही, आणि एकदा दिसले की मग सगळीकडे दिसू लागते. शेवाळाने काळपट झालेल्या तळावर एक उजळ, घासून काढल्यासारखा डाग असतो. त्याच्या वरच्या अंगाला खळगा आणि खालच्या अंगाला गोट्यांचा उंचवटा असतो. अंडी त्या उंचवट्याखाली असतात, म्हणून दिसायला सोयीची पायरी वाटली तरी त्यावर पाय देऊ नये. काठावरच्या फांदीला रंगीत फीत बांधून तिच्यावर तारीख आणि अंतर लिहावे, म्हणजे पुढच्या फेरीत तेच घरटे दुसऱ्यांदा मोजले जाणार नाही. मेलेला मासा सापडल्यास त्याची लांबी, नर की मादी, आणि पाठीवरचा शेपटाजवळचा लहान मांसल पर आहे की कापलेला आहे हे नोंदवावे. तो कापलेला असल्यास मासा मत्स्यबीज केंद्रातला असतो. मादीच्या पोटात अंडी शिल्लक आहेत का तेही पाहावे. मग शेपूट कापून मासा तिथेच ठेवावा. शेपूट कापणे हे मोजल्याची खूण म्हणून, आणि तिथेच ठेवणे यासाठी की समुद्रातून आणलेले ते पोषण ओढ्यातल्या किड्यांना, पिल्लांना आणि काठच्या झाडांना मिळायचे असते. वास सुटतो म्हणून मेलेले मासे गोळा करून फेकणारा स्वयंसेवक प्रत्येक गटात एखादा निघतोच. त्याला पहिल्याच दिवशी समजावून सांगावे.

माथ्यावरचे काम

नदीतल्या बिघाडाचे सर्वांत मोठे कारण माती असेल, तर पहिला खर्च डोंगरातल्या सोडून दिलेल्या रस्त्यांवर करावा. या रस्त्यांची पाहणी मुसळधार पावसात, हातात फावडे घेऊन करावी, कारण कोरड्या दिवशी चांगला दिसणारा रस्ता पावसात ओढ्यासारखा वाहत असतो. जिथे रस्ता ओढा ओलांडतो, तिथे एकच प्रश्न विचारावा: रस्त्याखालून ओढ्याचे पाणी नेणारी ही मोरी आज रात्री ओंडक्याने तुंबली, तर पाणी कुठे जाईल? ते भराव ओलांडून त्याच ओढ्यात पडत असेल, तर नुकसान मर्यादित राहते. ते रस्त्याने वाहत जाऊन दुसऱ्याच उतारावर कोसळत असेल, तर एका रात्रीत नवी घळ तयार होते. अशा जागा यादीत सर्वांत वर ठेवाव्यात.

जो रस्ता वापरात राहणार आहे, त्याचा उतार दरीच्या बाजूला करावा आणि ठराविक अंतरावर लांब, उथळ, आडवे खोलगट पट्टे ठेवावेत, म्हणजे पाणी एकत्र येऊन जोर धरण्याआधीच बाहेर पडते. जो रस्ता नको आहे, तो ओढ्याच्या जागी पूर्ण उकरून काढावा. भराव उपसत जावे, जुन्या तळाचे गुळगुळीत गोटे किंवा पुरलेले बुंधे दिसू लागले की थांबावे, दोन्ही बाजूंचे उतार मागे घ्यावेत आणि उघड्या मातीवर गवताचा पेंढा व फांद्या पसराव्यात. रेडवुड राष्ट्रीय उद्यानाचा १९७८ मध्ये विस्तार झाल्यानंतर तिथे हे काम मोठ्या प्रमाणावर झाले. मॅटोलमध्ये ‘गुड रोड्स, क्लिअर क्रीक्स’ या नावाने ते खासगी जमिनींवर चालले. यंत्र चालवायला शक्यतो लाकूडतोडीच्या काळात काम केलेला जुना चालक घ्यावा. भराव कसा घातला होता आणि खाली काय गाडले आहे, याचा अंदाज त्याला नकाशापेक्षा चांगला असतो, आणि खोऱ्यातल्या दुसऱ्या बाजूचा माणूस कामात आला की निम्मे भांडण तिथेच मिटते. घळींत हातांनी रचलेले अनघड दगडी बांध श्रमदानासाठी उत्तम आहेत, पण रस्त्याचे पाणी तसेच सोडून केवळ बांध रचत गेल्यास तो श्रम दोन पावसाळ्यांत वाहून जातो.

मोरीचा दुसरा दोष म्हणजे ती माशाची वाट अडवते. पाण्याच्या मारामुळे पाइपाच्या खालच्या तोंडाशी खड्डा पडतो आणि पाइप हवेत लटकू लागतो. प्रौढ माशासाठी ही पायरी सुमारे ३० सेंटिमीटरहून आणि पिल्लांसाठी सुमारे १५ सेंटिमीटरहून अधिक नसावी, असा तिथला सर्वसाधारण दंडक आहे. नवी मोरी बसवताना पाइप जरा मोठा घेऊन भागत नाही; तिच्यातून ओढा आपल्या गोट्यांसकट, आपल्या नेहमीच्या रुंदीने वाहू शकला पाहिजे. वॉशिंग्टन राज्यात यासाठी सूत्र आहे: काठोकाठ भरून वाहणाऱ्या ओढ्याच्या रुंदीच्या १.२ पट, अधिक दोन फूट. त्याच राज्यात आदिवासी राष्ट्रांनी १८५० च्या दशकातल्या करारांच्या आधारे राज्याच्या मोऱ्यांविरुद्ध दावा केला, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मते समसमान पडल्यामुळे राज्याने त्या दुरुस्त कराव्यात हा खालच्या न्यायालयाचा निकाल कायम राहिला. ज्या ओढ्यावर खालून पहिलीच मोरी बंद आहे, तिथे वरच्या पाचव्या मोरीवर पैसे घालू नयेत, हे सांगायला नको, पण अनुदानाच्या घाईत तेही घडते.

पात्रातले लाकूड आणि काठची झाडे

या विषयात एक मोठी चूक सरकारी सल्ल्यानेच झाली. एके काळी ओढ्यात अडकलेले ओंडके माशाची वाट अडवतात, असे समजून कॅलिफोर्नियात आणि इतरत्र ते हजारोंनी काढून टाकले गेले. नंतर उमगले, की तेच ओंडके पाण्याला वळवून डोह कोरतात, गोटे अडवून ठेवतात आणि पुरात पिल्लांना आडोसा देतात. स्वच्छ दिसणारा ओढा माशासाठी रिकाम्या घरासारखा असतो. आता तेच लाकूड परत घालावे लागत आहे, मॅटोलच्या मुखाजवळ तर हेलिकॉप्टरने.

लहान गटाने हे काम लहान ओढ्यात करावे. मुळांच्या गड्ड्यासह अख्खे झाड मिळाले, तर त्याची लांबी ओढ्याच्या भरल्या रुंदीच्या किमान दीडपट आणि मुळांशिवायचा ओंडका असल्यास दुप्पट असावी; तो काठावरच्या उभ्या झाडांच्या मध्ये अडकवून ठेवावा, म्हणजे लोखंडी दोर आणि खिळ्यांवर भिस्त राहत नाही. खाली पूल किंवा घर असल्यास अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय एकही ओंडका टाकू नये. खोऱ्याच्या माथ्याकडील लहान ओढ्यांत, फांद्या रचून ओढा अडवणाऱ्या बीव्हर या प्राण्याच्या धरणाची नक्कल म्हणून, खुंट ठोकून त्यांत फांद्या विणतात. पाणी अडते, पसरते आणि बाजूच्या मातीत मुरते. आपल्या वनराई बंधाऱ्याचे हे भावंडच म्हणता येईल, मात्र यातून मासा पार होईल अशी फट ठेवावी लागते.

काठच्या लागवडीसाठी विलो सर्वांत सोपा. हा आपल्याकडच्या वाळुंजाचाच भाऊबंद. हिवाळ्यात, पाने गळून झाड निद्रिस्त असताना, दोन ते पाच सेंटिमीटर जाडीच्या आणि मीटरभर लांबीच्या काठ्या कापाव्यात. खालचे टोक तिरके आणि वरचे सपाट कापले, तर उलटी काठी लावण्याची चूक टळते, आणि ही चूक अंधारून आलेल्या पावसात हमखास होते. काठी त्याच दिवशी लावायची नसेल तर पाण्यात बुडवून ठेवावी. लोखंडी पहारेने भोक पाडून तिचा किमान दोनतृतीयांश भाग जमिनीत जाईल आणि टोक उन्हाळ्यातल्या ओलीपर्यंत पोहोचेल, असे ठोकावे. बाहेर दोन-तीन डोळे राहिले तरी पुरे. मुळाभोवती हवा राहू नये म्हणून माती पायाने दाबावी. विलोच्या आडोशाने आल्डर लावावा, तो हवेतला नत्र जमिनीत आणतो, आणि त्याच्या मागे सावलीची दीर्घकाळची सोय म्हणून डग्लस फर किंवा रेडवुड. गुरे येत असतील, तर लागवडीआधी कुंपण. हा क्रम उलटा झाल्यास रोपे गुरांच्या पोटात जातात.

उन्हाळ्याचे पाणी

मॅटोलच्या माथ्याकडील भागात सगळे सुधारूनही ओढे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तुटू लागले, डोह एकमेकांपासून वेगळे पडू लागले, आणि त्याचे एक कारण अगदी घरगुती निघाले: प्रत्येक घराचा पंप. हिशेब साधा आहे. दहा घरांनी एकाच वेळी मिनिटाला २० लिटर उपसले, तर ते सेकंदाला ३ लिटरहून अधिक होते, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस लहान ओढ्यात तेवढेच वाहत असते. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ‘सँक्चुअरी फॉरेस्ट’ या व्हाइटथॉर्नच्या संस्थेने यावर जो तोडगा काढला, तो मला या सगळ्या कामातला सर्वांत अनुकरणीय वाटतो. जमीनमालकाला ५० हजार गॅलनची, म्हणजे सुमारे १ लाख ९० हजार लिटरची टाकी मिळवून द्यायची. ती त्याने हिवाळ्यात, नदीला पाणी भरपूर असताना भरायची. आणि प्रवाह ठरलेल्या पातळीखाली गेला, की पंप बंद करण्याचे कायदेशीर बंधन स्वीकारायचे. पाणी तेच, माणसेही तीच, फक्त उपशाचा महिना बदलला. टाक्यांसाठी पैसा नसेल तोवर निदान घराघरांत उपशाचे वार वाटून घ्यावेत, म्हणजे सगळे पंप एकाच सकाळी चालू होणार नाहीत.

शहरातल्या ओढ्यांचे दुखणे वेगळे आहे. सिएटलच्या परिसरात अंडी घालायला आलेला कोहो पहिल्या पावसानंतर काही तासांत का मरतो, याचे कारण २०२० मध्ये उलगडले: टायरमधल्या संरक्षक रसायनापासून तयार होणारे ‘६पीपीडी-क्विनोन’. रस्त्याचे पाणी वाळू, कंपोस्ट आणि झाडांच्या खाचरातून गाळले, की त्याचा घातकपणा मोठ्या प्रमाणात जातो. त्या भागात पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. नोव्हेंबरमध्ये कार्कीक पार्कमधल्या पायपर्स क्रीकवर चम सॅमन पाहायला मुलांना न्यावे आणि पुढे आपल्या सोसायटीच्या पार्किंगचे पाणी कुठे जाते, ते विचारावे.

आणि मग मासे

एवढे झाल्यावर, आणि खात्याच्या जीवशास्त्रज्ञाने संख्या धोकादायक पातळीवर असल्याचे सांगितले तरच, अंडी जगवण्याकडे वळावे. मॅटोलच्या गटाने लाकडी पेट्यांत गोटे भरून, गाळलेले ओढ्याचे पाणी खालून वर सोडून अंडी उबवली, आणि गाळाने भरलेल्या नदीपेक्षा त्यांतली कितीतरी अधिक जगली. या कामात त्यांनी एक पथ्य कसोशीने पाळले: दुसऱ्या नदीची अंडी आणायची नाहीत. प्रत्येक नदीचा मासा तिच्या पुराच्या वेळा, तिच्या मुखाशी दांडा फुटण्याचा काळ, तिचे तापमान यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या जुळलेला असतो. बाहेरचा मासा मिसळला, तर ती जुळणी विस्कटते. पेट्या असतील, तर रात्रीची पाळी लागते, कारण वादळात गाळणी तुंबून पाणी थांबले, तर अंडी सकाळपर्यंत टिकत नाहीत. शाळेतल्या मुलांना पिल्ले सोडायला न्यावे. तेवढ्यासाठी मात्र पेट्या चालू ठेवू नयेत.

गणना या सगळ्या काळात चालूच राहते, आणि तिच्या वाचनात एक फसगत ठरलेली आहे. कोहो साधारणपणे तिसऱ्या वर्षी परत येतो, त्यामुळे एकाच ओढ्यात त्याच्या तीन जवळपास स्वतंत्र पिढ्या नांदत असतात. एका हिवाळ्यात २० घरटी आणि पुढच्या हिवाळ्यात दोनच दिसली, तर काम फसले असे नव्हे; ती दोन घरटी दुसऱ्याच पिढीची आहेत आणि त्यांची तुलना तीन वर्षांपूर्वीच्या आकड्याशी करायची. म्हणून नोंदवहीत उभे तीन रकाने आखावेत, पहिल्या वर्षाचा आकडा पहिल्यात, दुसऱ्याचा दुसऱ्यात, तिसऱ्याचा तिसऱ्यात लिहावा, चौथ्या वर्षी पुन्हा पहिल्या रकान्यात खाली यावे, आणि प्रत्येक रकान्यात निदान तीन आकडे भरेपर्यंत, म्हणजे नऊ हिवाळे, कोणत्याही निष्कर्षावर सही करू नये.